राहू द्या ना, कायले हात लावता

एप्रिलच्या शेवटी ऑफिसात मीटिंग होती आणि मी म्हटलं की नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, जायच्या पहिले हा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कोड, मला साफ करू द्या, त्यातला मेमरीचा कोड फार साचलाय, तर टेबलाच्या त्या टोकावरून लगेच आलं, “राहू द्या ना मॅडम, चालून राहिलं ना, कायले हात लावता?” बारा वर्षांत हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कोण म्हणालं याने फरक पडत नाही. चालतंय म्हणून राहू देतात, राहू दिलं की त्यावर अजून चढतं, आणि मग एक दिवस सव्वीसशे ओळींची फाईल उघडून आपण बसतो आणि त्यातली कुठली ओळ खरंच काम करते आणि कुठली नुसती बसून आहे हे ऑफिसात कोणालाच सांगता येत नाही.

शेवटी मला सहा आठवडे मिळाले. मे महिना, नागपूरचं ऊन, सकाळी चितार ओळीवरून मेट्रो पकडायची आणि सुभाष नगरला उतरून ऑफिसात शिरायचं ते संध्याकाळी ऊन उतरल्यावरच बाहेर पडायचं. काम करायला याच्यापेक्षा चांगला महिना नाही, कारण कोणालाच कुठे जावंसं वाटत नाही.

तर बोर्ड असं आहे. शेतातल्या सोलर पंपाचे आकडे गोळा करून पाठवणारं छोटं ३२ बिटचं बोर्ड, रॅम ६४ एमबी, त्यावर लिनक्स ४.१९. हे ४.१९ ऑक्टोबर २०१८ मधलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे आता त्यात सिक्युरिटीचे फिक्स येत नाहीत, म्हणून आम्हाला ६.१२ वर जायचं होतं. आणि मधे उभा हा ड्रायव्हर. चिपवाल्यांनी दिलेला, डोक्यावर कॉपीराईट २०१२ लिहिलेला, त्यावर आमच्याकडच्या तीन-चार जणांनी वेगवेगळ्या वर्षी मारलेली ठिगळं.

कर्नलमध्ये मेमरीचा कोडच का साचतो हे पहिले सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण साधा प्रोग्रॅम लिहितो तेव्हा मेमरी घेऊन परत द्यायला विसरलो तरी प्रोग्रॅम संपला की कर्नल ती गोळा करतो. कर्नलने स्वतः घेतलेली मेमरी विसरली तर गोळा करायला त्याच्या मागे कोणी उभा नाही, बोर्ड रिस्टार्ट होईस्तोवर ती गेली. एकच तुकडा दोनदा परत दिला तर त्याहून वाईट, कारण तोच तुकडा मग दोघांना वाटला जातो आणि बिघाड तिसरीकडेच कुठेतरी, दोन दिवसांनी दिसतो. त्यामुळे हा कोड लिहिणारा माणूस घाबरलेला असतो. आणि घाबरलेला माणूस एका कुलपावर दुसरं कुलूप लावतो. मला या सहा आठवड्यांत हेच पटत गेलं की कर्नलमधली जास्तीची ओळ म्हणजे कोणाची तरी, कधीची तरी भीती आहे, आणि ती ओळ काढायची तर ती भीती कशाची होती आणि ती आता संपली का हे शोधावं लागतं. पुसायला एक सेकंद लागतो, शोधायला कधी अख्खा दिवस जातो.

सोप्यापासून सुरू केलं. केफ्री हे मेमरी परत द्यायचं फंक्शन. आमच्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक केफ्रीच्या आधी एक इफ होतं, की पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, नल म्हणजे रिकामा नसेल तरच केफ्री कर. पण केफ्री हे पहिले स्वतःच बघतं की आलेला पॉइंटर नल आहे का, असला तर गुपचूप परत जातं. म्हणजे दारावरचा माणूस पास बघणारच आहे आणि आपण गेटवर अजून एक माणूस उभा केलाय. असे एकतीस इफ निघाले. हे हाताने शोधायची गरजही नाही, कॉक्सिनेल नावाचं टूल आहे, ज्युलिया लॉवल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं, त्याला आपण कोडचा आकार सांगायचा की असं दिसलं तर तसं कर, आणि नेमक्या याच इफसाठीची स्क्रिप्ट कर्नलच्या सोर्समध्येच ठेवलेली आहे. मेक कॉक्सिचेक चालवलं की यादी समोर.

पण तसा दिसणारा प्रत्येक इफ एका झटक्यात उडवायचा नसतो. एका ठिकाणी इफमध्ये नलची नाही तर इझ एररची तपासणी होती. कर्नलमधली काही फंक्शन फसल्यावर नल देत नाहीत, एरर नंबरच पॉइंटरमध्ये भरून देतात, आणि तसला पॉइंटर केफ्रीला दिला तर केफ्री तो खरा पत्ता समजून उघडायला जातं आणि बोर्ड बसतं. दिसायला तो बाकीच्या एकतीस जणांसारखाच, पण तो कामाचा. ठेवला.

आणि एक इफ असा निघाला की माझं मत थोडं बदललं. केमेम कॅश डिस्ट्रॉय, म्हणजे एकाच मापाच्या तुकड्यांचा साठा मोडणारं फंक्शन, त्याच्या आधी नलची तपासणी होती आणि मी कंटाळून काढणारच होते, मग इतिहास बघितला तर कळलं की या फंक्शनला नल चालायला लागला तो ४.३ पासून, म्हणजे २०१५. ड्रायव्हर २०१२ चा. म्हणजे ज्याने तो इफ लिहिला त्याने बरोबर लिहिला होता, तेव्हा तो नसता तर बोर्ड खरंच बसलं असतं. मागाहून कर्नल सुधारला आणि ओळ तिथेच राहिली. तेव्हापासून मी कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत लिहायच्या टिपणात, ‘फालतू तपासणी काढली’ असं लिहिणं बंद केलं, आता लिहिते की ४.३ पासून याची गरज उरली नाही. मला हा फरक मोठा वाटतो, लिहिणाऱ्याचा मान राहतो आणि वाचणाऱ्याला कारण मिळतं.

बाकीचं भराभर सांगते. केमॅलॉक हे मेमरी मागायचं फंक्शन, त्याच्या पुढे लावलेले कास्ट, म्हणजे पॉइंटरचा टाइप बदलायच्या खुणा, सी भाषेत व्हॉइड पॉइंटरला त्याची गरज नाही, गेले. मेमरी मिळाली नाही तर ‘आउट ऑफ मेमरी’ छापणारे प्रिंट, केमॅलॉक फसल्यावर कर्नल स्वतःच, कोणी कोणाला बोलावलं त्या यादीसकट, मोठा मेसेज छापतो, आपली एक ओळ त्यात काही भर घालत नाही, तेही गेले. केमॅलॉक करून खाली लगेच मेमसेटने शून्य भरलेलं, त्याच्या जागी एकच केझॅलॉक, जे शून्य भरूनच मेमरी देतं.

मग आला गुणाकार, आणि इथे साफसफाई करता करता खरं भोक सापडलं. ड्रायव्हर बाहेरच्या प्रोग्रॅमकडून एक आकडा घेत होता की किती नोंदी हव्यात, एक नोंद २४ बाइटची, आणि केमॅलॉकला आकडा गुणिले २४ देत होता. आमचं बोर्ड ३२ बिटचं. तिथे साइझमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. आता कोणी १७,८९,५६,९७१ नोंदी मागितल्या तर गुणाकार होतो ४,२९,४९,६७,३०४, तो मावत नाही, गुंडाळून परत शून्यापासून सुरू होतो आणि हाती उरतात ८. केमॅलॉक आनंदाने ८ बाइट देतं, यशस्वी म्हणून सांगतं, आणि खालचा लूप त्या ८ बाइटच्या जागेत जवळपास अठरा कोटी नोंदी भरायला निघतो. मी कागदावर हे मांडलं आणि दोन मिनिटं नुसती बघत बसले. बारा वर्षं हे शेताशेतात चालू होतं. केकॅलॉकला दोन आकडे वेगळे द्यायचे असतात, तो गुणाकार स्वतः तपासून करतो आणि मावला नाही तर सरळ नल देतो. एका ओळीचा बदल, आणि सोबत नोंदींना वरची मर्यादाही घातली. ज्यांनी राहू द्या म्हटलं होतं त्यांना मी हाच कागद नेऊन दाखवला, आणि त्यांनी तो नीट वाचला, हे सांगायला पाहिजे.

मोठ्या बफरसाठीचा कोड वेगळीच तऱ्हा. पहिले केमॅलॉक करून बघायचं, नाही मिळालं तर व्हीमॅलॉक, आणि कोणतं मिळालं ते एका फ्लॅगमध्ये लिहून ठेवायचं, परत देताना तो फ्लॅग बघायचा. असं जो तो आपापलं लिहीत होता म्हणून ४.१२ मध्ये, २०१७ साली, केव्हीमॅलॉक आणलं, ते हे दोन्ही स्वतः करतं आणि केव्हीफ्री ओळखतं की कोणतं होतं. आमच्याकडे असे तीन बफर. दोन बदलले. तिसऱ्यावर मी दीड दिवस घालवला, कारण तो बफर पुढे जाऊन थेट चिपला डीएमएसाठी, म्हणजे चिपने स्वतःच रॅममध्ये लिहावं म्हणून, दिला जात होता, आणि व्हीमॅलॉकची मेमरी कर्नलला सलग दिसली तरी रॅममध्ये ती विखुरलेली पानं, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, असतात, चिपला सलग पाहिजे. म्हणजे तिथे केव्हीमॅलॉक चालणार नव्हतंच, आणि खरं तर जुना कोडही चुकीचा होता, रॅम भरलेली असताना व्हीमॅलॉकवर गेला असता तर चिपने दुसऱ्या कोणाच्या तरी पानांवर लिहिलं असतं. कधी झालंही असेल, आम्हाला कळलं नसेल, पंप बंद पडला आणि कोणीतरी जाऊन स्विच मारला एवढंच रजिस्टरमध्ये लिहिलेलं असणार.

आणि तो एक फ्लॅग. जीएफपी रिपीट. सात ठिकाणी मेमरी मागताना हा लावलेला, म्हणजे नाही मिळाली तर परत प्रयत्न कर. आणि फाईलच्या वरती कोणीतरी लिहून ठेवलेलं की हा फ्लॅग नसेल तर त्याची किंमत शून्य धर. कारण ४.१३ मध्ये कर्नलमधून तो फ्लॅगच गेला, त्याच्या जागी रिट्राय मेफेल नावाचा नीट अर्थ असलेला फ्लॅग आला. जुन्याची गोष्ट अशी की तो २.६.१२ च्या आसपासपासून होता पण छोट्या मागण्यांसाठी कर्नल त्याच्याकडे बघतच नव्हता. कर्नल पानं दुपटीदुपटीने देतो, एक, दोन, चार, आठ, म्हणजे ४ केबीच्या पानाने आठ पानांपर्यंत, ३२ केबीपर्यंत, मागणी छोटी धरली जाते आणि तिच्यासाठी तो तसाही पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आमच्या सातही मागण्या ३२ केबीच्या आतल्या. म्हणजे या फ्लॅगने पहिल्या दिवसापासून काहीच केलं नव्हतं, नंतर तो शून्य झाला, आणि तरी सात ठिकाणी मान देऊन लावलेला. ही ओळ पुसताना मला कुठलीच शंका नव्हती.

घरी आई विचारायची दिवसभर काय केलं, मी म्हणायची ओळी काढल्या. एका रविवारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि मी शेजारी बसून तिला सांगत होते की कसं एकेक बघावं लागतं, तर ती मान वर न करता म्हणाली, “निवडायलाच वेळ लागते, शिजवायले काय लागते.” मी सोमवारी हे ज्युनिअरला सांगितलं, त्याने ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

या ज्युनिअरबद्दल सांगायचंच होतं. वर्ध्याचा पोरगा, कॉलेजमधून थेट आलेला, पहिल्या आठवड्यात घाबरत होता आणि चौथ्या आठवड्यात इतका सुटला की संध्याकाळी सहाला माझ्या टेबलावर दोन पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल. पहिल्यात त्याने केझॅलॉकचं केमॅलॉक केलेलं, म्हणे स्ट्रक्चरची सगळी फील्ड खाली भरतोच आहोत तर शून्य कशाला भरायचं. मी त्याला कागदावर ते स्ट्रक्चर काढून दाखवलं, पहिलं फील्ड १ बाइट, दुसरं ४ बाइट, आणि कंपायलर दुसऱ्याला चारच्या हद्दीवर ठेवतो म्हणून मधे ३ बाइट रिकामे, स्ट्रक्चर ८ चं. ते ३ बाइट कोणीच भरत नाही. आणि हे स्ट्रक्चर कॉपी टू यूजरने बाहेरच्या प्रोग्रॅमला जातं, म्हणजे कर्नलच्या मेमरीत त्या जागी आधी जे काही होतं त्याचे ३ बाइट दर वेळी बाहेर. त्याला लगेच पटलं, पॅच मागे घेतला.

दुसरा पॅच असा नव्हता. एका फंक्शनमध्ये एन्क्रिप्शनची की, म्हणजे किल्ली, एका लोकल अ‍ॅरेमध्ये घेतलेली, ३२ बाइट, काम झालं की शेवटच्या ओळीत मेमसेटने त्यावर शून्य, आणि फंक्शन संपतं. त्याने ती मेमसेटची ओळ काढली होती. मी म्हटलं ही की आहे रे, तिच्यावर शून्य भरायलाच पाहिजे. तर तो म्हणाला, “ताई, मी दोन्ही बायनरी बनवून पाहिल्या. ओळ ठेवली तरी आणि काढली तरी सेमच येऊन राहिली. एकही बाइट वेगळा नाही.”

बायनरी म्हणजे कंपायलर आपल्या कोडमधून बनवतो ती मशीनला कळणारी फाईल. मी थबकले, कारण जास्तीचा कोड जास्तीचा आहे याचा याच्यापेक्षा पक्का पुरावा असत नाही. काढून बघितलं आणि काहीच बदललं नाही. मी खरं सांगते, मी त्याला म्हटलं ठीक आहे, राहू दे, उद्या बघू, आणि बॅग उचलून निघाले. मेट्रो शंकर नगरच्या पुढे गेली असेल आणि डोक्यात आलं की बायनरी सारखी येते याचा अर्थ ओळ नको आहे असा होत नाही, याचा अर्थ ती ओळ बायनरीत पोचतच नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघं ऑब्जडंप, म्हणजे बायनरीतल्या इन्स्ट्रक्शन दाखवणारं टूल, उघडून बसलो. त्या फंक्शनची असेंब्ली वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. शेवटी एन्क्रिप्शनच्या फंक्शनला जाणारी उडी, मग स्टॅक पॉइंटर परत वर, मग रिटर्न. मधे काहीच नाही. शून्य भरणारी एकही इन्स्ट्रक्शन नाही. कंपायलरचं म्हणणं बरोबर आहे, की या अ‍ॅरेमध्ये तुम्ही शून्य लिहिता पण त्यानंतर हा अ‍ॅरे कोणी वाचत नाही, फंक्शन तर संपलंच, मग लिहायचं कशाला, आणि तो ते लिहिणं उडवून टाकतो. जास्तीचा कोड काढायचं आमचं जे काम चाललं होतं तेच काम कंपायलरने आमच्या आधी केलेलं, फक्त त्याला भीती कशाची होती ते माहीत नव्हतं. ती किल्ली मात्र स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत, तशीच पडून राहायची, पुढचं कुठलं फंक्शन त्या जागेवर काही लिहील तोवर.

म्हणजे ओळ लिहिणाऱ्याची भीती खरी होती, उपाय बरोबर होता, आणि उपाय कधी अंमलात आलाच नाही. ज्युनिअर कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत होता, मग म्हणाला, “मंग हे तं काढायचं नाही, जागं करायचं आहे.” यासाठीच कर्नलमध्ये ३.१८ पासून, २०१४ साली, मेमझीरो एक्स्प्लिसिट नावाचं फंक्शन आहे, तेही शून्यच भरतं पण कंपायलरला ते उडवता येत नाही असा त्यात अडसर आहे. ते लावलं, परत ऑब्जडंप केलं, आणि शून्य भरणारं काम तिथे दिसलं. केमॅलॉकने घेतलेल्या जागेतल्या किल्लीसाठी वेगळं आहे, पूर्वी केझेडफ्री म्हणायचे, ५.९ मध्ये त्याचं नाव केफ्री सेन्सिटिव्ह केलं, मला हे नाव फार आवडतं कारण ओळ वाचूनच कळतं की इथे काहीतरी जपायचं आहे आणि पुढच्या वेळी कोणी साफसफाईला बसलं तर हात थांबेल.

त्या दिवशी आम्ही साडेअकराला आयटी पार्कच्या रस्त्यावर उन्हात उभं राहून तर्री पोहे खाल्ले, तर्री इतकी जळजळीत की घाम आधी उन्हाचा की तर्रीचा कळत नव्हतं, आणि तो पोरगा मधेच थांबून म्हणाला ताई बाकीचे पॅच पण मी परत पाहतो. एकोणीस पॅच त्याने परत पाहिले. त्यातला एक मागे घेतला.

मग तपासणी. साफ केलेला कोड चालतो हे बोर्ड सुरू करून कळत नाही, कारण मेमरीच्या कोडचा अर्धा भाग फसल्यावरच चालतो, आणि ऑफिसच्या टेबलावर मेमरी फसत नाही. कर्नलमध्ये फेलस्लॅब नावाची सोय आहे, चालू केली की कर्नल मुद्दाम, अधूनमधून, मेमरी द्यायला नाही म्हणतो. सोबत केमेमलीक चालू केलं, जे घेऊन विसरलेली मेमरी शोधतं, आणि केसॅन, जे परत दिलेल्या मेमरीला कोणी हात लावला की ओरडतं. केसॅन बोर्डाच्या ६४ एमबीत बसवणं अवघड म्हणून ते क्यूईएमयूमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच नकली मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. पहिल्याच रात्री केसॅन ओरडलं. ओपन फंक्शनमध्ये पाच बफर एकामागे एक घेतले जात होते आणि चौथा फसला तर गोटू करून, म्हणजे थेट उडी मारून, सोडवायच्या लेबलवर जायचं, तिथे तिसरा बफर दोनदा परत दिला जात होता. हे आमच्या साफसफाईने आलेलं नव्हतं, जुन्या कोडवर चालवलं तरी तेच. आधी ते एकतीस इफ, प्रिंट, कास्ट यांच्या गर्दीत ती दोन लेबलं डोळ्याला दिसतच नव्हती. आता फंक्शन एका स्क्रीनवर मावत होतं आणि वाचताना सरळ दिसलं.

मग ६.१२ वर नेलं आणि तिथे वेगळीच गाठ पडली. आमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये स्लॉब होता. कर्नलमध्ये छोटी मेमरी वाटायला बरीच वर्षं तीन वेगवेगळे वाटप करणारे होते, स्लॅब, स्लब आणि स्लॉब. स्लॅबची कल्पना सनमधल्या जेफ बॉनविक यांची, त्यांचा पेपर १९९४ चा. स्लब ख्रिस्टोफ लॅमेटर यांनी आणला, २००७ मध्ये २.६.२२ ला. स्लॉब अगदी छोट्या मशीनसाठी, म्हणून आमच्याकडे कोणीतरी तो निवडलेला. तीन असले की कर्नलच्या लोकांना प्रत्येक नवी गोष्ट तीनदा बसवावी लागायची किंवा ती कुठे चालते कुठे नाही हे लक्षात ठेवावं लागायचं. स्लॉबमध्ये तर केमेम कॅशमधून घेतलेली वस्तू केफ्रीने परत देता येत नव्हती, कारण तिचा आकार तो लिहून ठेवत नव्हता, आणि त्या एका कारणासाठी बाकी सगळ्या कर्नलला जपून चालावं लागे. व्लास्टिमिल बाब्का यांनी हे काम हाती घेतलं, पण काढायच्या आधी त्यांनी ६.२ मध्ये स्लब टायनी नावाचा पर्याय दिला, छोट्या मशीनवाल्यांसाठी, मग ६.४ मध्ये स्लॉब काढला, ६.५ मध्ये स्लॅबवर ‘आता हा जाणार’ अशी पाटी लावली, आणि ६.८ मध्ये, मार्च २०२४ ला, स्लॅबही काढला. मला ही पद्धत खूप शिकवून गेली. सगळ्यात छोट्या मशीनवाल्याची भीती आधी विचारली, त्याला जागा करून दिली, मग हात लावला. आम्ही तेच छोट्या मशीनवाले. स्लब टायनी चालू केला, ६४ एमबीत नीट बसलं.

असं काम कर्नलमध्ये सतत चालू असतं आणि त्याची बातमी होत नाही. बूट होताना मेमरी वाटणारं जुनं बूटमेम माइक रॅपोपोर्ट यांनी ४.२० मध्ये काढलं, मेमब्लॉक आधीपासून तेच काम करत होतं. पेज टेबलसाठी, म्हणजे कुठला पत्ता रॅमच्या कुठल्या पानावर याच्या तक्त्यासाठी, पान घेणारं जवळपास एकसारखं फंक्शन बहुतेक प्रोसेसरांच्या फोल्डरमध्ये वेगळं लिहिलेलं होतं, ते ५.३ मध्ये त्यांनी एका जागी आणलं. रॅम सलग नसलेल्या मशीनसाठीचं जुनं डिसकॉन्टिगमेम ५.१४ मध्ये गेलं. आणि मॅथ्यू विल्कॉक्स यांचं फोलिओचं काम, ५.१६ पासून आलेलं, ते तर अजून चालूच आहे. ६४ बिटच्या मशीनवर कर्नल प्रत्येक ४ केबीच्या पानामागे ६४ बाइटची एक नोंद ठेवतो, १६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ४१,९४,३०४ पानं म्हणजे २५६ एमबी नुसत्या नोंदींना. आणि मोठ्या पानाचा मधला तुकडा हातात आला की त्याचं डोकं कुठे हे फंक्शनागणिक परत परत शोधायचं, कारण आधीच्याने शोधलं की नाही यावर पुढच्याचा भरवसा नाही. फोलिओने हा भरवसा टाइपमध्येच लिहून टाकला, की हातात फोलिओ आहे म्हणजे ते डोकंच आहे, परत शोधू नका.

ड्रायव्हर आता सव्वीसशेवरून अठराशेच्या आसपास आलाय, गेल्या महिन्यात बोर्डावर गेला आणि शेतातल्या पहिल्या काही पंपांवर चालू आहे.

एक ओळ मात्र आम्ही शेवटपर्यंत धरून बसलो. चिपला नवीन बफरचा पत्ता मेमरीत लिहून मग चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या ठरलेल्या जागेत, आकडा लिहून घंटी वाजवायची असते की उचल, आणि घंटीच्या आधी एक डब्ल्यूएमबी होता, म्हणजे आधीचं सगळं लिहिणं मेमरीत पोचल्याशिवाय पुढे जाऊ नको. रजिस्टरमध्ये लिहायचं नेहमीचं फंक्शन राइटएल, त्यात हा अडसर आतच असतो, कर्नलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की त्याच्या आधी वेगळा डब्ल्यूएमबी नको. म्हणून ज्युनिअरने तो काढायच्या यादीत घातला होता, आणि परत पाहताना मागे घेतलेला एक पॅच तो हाच. आमच्या ड्रायव्हरमध्ये थेट राइटएल नाहीये, रेगराइट नावाचा मॅक्रो आहे, आणि त्या मॅक्रोचा माग काढत तो तीन हेडर फाईल ओलांडून गेला तेव्हा दिसलं की आमच्या बोर्डासाठी कोणीतरी कधीतरी वेग वाढवायला तिथे राइटएल रिलॅक्स्ड लावलंय, ज्यात अडसर नसतो. डब्ल्यूएमबी काढला असता तर चिपने कधीतरी घंटी आधी ऐकली असती आणि पत्ता जुनाच वाचला असता.

ती ओळ तशीच आहे. तिच्या वर त्याने तीन ओळींची कॉमेंट लिहिलीय, कुठल्या हेडरमध्ये काय आहे आणि ते बदललं तरच हिला हात लावा म्हणून.